चित्र पाहून काढावें कीं कल्पनेनें?

चित्रकलेच्या वर्गांत एक वाद वारंवार निघतो. कांहीं विद्यार्थ्यांचें म्हणणें असें कीं, समोर वस्तु, माणूस अगर छायाचित्र ठेवून चित्र काढणें ही निव्वळ नक्कल होय. खरा कलावंत तो, जो डोळे मिटून मनांतलें कागदावर उतरवितो. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें याच्या अगदीं उलट. त्यांच्या मतें पाहिल्यावांचून काढलेलें चित्र म्हणजे थाप. घोडा काढावयाचा तर घोडा समोर असला पाहिजे, निदान त्याचें छायाचित्र तरी. पहिला पक्ष दुसऱ्यास नकल्या म्हणतो, दुसरा पहिल्यास थापाड्या म्हणतो. वाद रंगतो, तास संपतो, आणि कागद कोराच राहतो.

हा वाद केवळ करमणुकीचा असता तर त्याची दखल घेण्याचें कारण नव्हतें. परंतु विद्यार्थी ज्या पक्षाचा होईल त्याप्रमाणें तो पुढें अभ्यास करील किंवा करणार नाहीं. 'पाहणें म्हणजे नक्कल' असें ज्यानें मनाशीं धरलें, तो पाहण्याचा अभ्यासच सोडून देतो. आणि 'न पाहतां कांहींच काढूं नये' असें ज्याला वाटलें, त्याची कल्पनाशक्ति वापरावांचून गंजते. नुकसान दोघांचेंही होतें, आणि तें अशा वयांत होतें कीं, पुढें भरून काढणें कठीण जातें. म्हणून या प्रश्नाचा थोडा नीट विचार करावा, असें आम्हीं योजिलें आहे.

१. कल्पना म्हणून आपण काय काढतों?

प्रथम एक सोपी परीक्षा घेऊं. कोणत्याही शाळेंतील दहा मुलांस 'मनानें एक देखावा काढा' असें सांगावें. बहुतेकांच्या कागदावर एकच देखावा उतरेल: दोन किंवा तीन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या खिंडींतून वर येणारा अर्धा सूर्य, आकाशांत मराठी चाराच्या आंकड्यासारखे पक्षी, डोंगरांतून निघून वळणें घेत पुढें येणारी नदी, एका बाजूस झोंपडी, आणि झोंपडीशेजारीं नारळाचें झाड.

आतां हीं मुलें राहतात कोठें? समजा, तीं पुणें किंवा सातारा जिल्ह्यांत राहतात. महाराष्ट्राचें पठार सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं लाव्हारसाचे थरांवर थर सांचून बनलेलें आहे. हे थर आडवे असल्यामुळें इकडील पुष्कळ डोंगरांचे माथे सपाट आणि उतार पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. पांचगणीचें टेबललँड ज्यानें पाहिलें असेल त्याला हें निराळें सांगावयास नको. राजगड-रायगडासारख्या दुर्गांस वस्तीपुरती सपाटी मिळाली, तीही डोंगरांच्या या घडणीमुळेंच. म्हणजे खिडकींतून सपाट माथ्याचा, पायऱ्यांच्या उताराचा डोंगर रोज दिसत असतां, मूल कागदावर मात्र त्रिकोणी डोंगर काढतें. आणि ज्या गांवीं नारळाचें झाड शोधून सांपडावयाचें नाहीं, तेथेंही झोंपडीशेजारीं नारळ उभा राहतो!

मग हा त्रिकोणी डोंगर आला कोठून? तो कल्पनेंतून आलेला नाहीं. तो शेजारच्या मुलाच्या वहींतून आला, थोरल्या भावाच्या चित्रावरून आला, भिंतीवरील कॅलेंडरावरून आला. त्या भावानेंही तो दुसऱ्या कोणापासून घेतला होता. म्हणजे जो विद्यार्थी 'आम्ही पाहून काढीत नाहीं, आम्ही मनानें काढतों' म्हणून अभिमान बाळगतो, तो देखील नक्कलच करीत असतो. फरक इतकाच कीं, समोर वस्तु ठेवून काढणाऱ्यास आपण कशावरून काढतों तें ठाऊक असतें, आणि यास तें ठाऊक नसतें. शिवाय पहिला निसर्गाची नक्कल करतो, आणि हा नकलेची.

येथें एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. मुलाच्या मनांत कल्पना नाहीं असें आमचें म्हणणें नाहीं. कल्पना प्रत्येकाच्या ठायीं आहे. पण तिला पुरवठा लागतो. कोठारांत जें धान्य भरलें असेल तेंच दळण्यास मिळणार. कोठारांत एकच त्रिकोणी डोंगर असेल, तर शंभर वेळां मागितलें तरी तोच बाहेर येईल.

२. गोव्याहून गेलेला गेंडा

हा नियम केवळ लहान मुलांस लागू आहे असें नव्हे. मोठमोठे कलावंतही यांतून सुटले नाहींत. याविषयीं युरोपच्या कलेच्या इतिहासांत एक बोधप्रद गोष्ट आहे, आणि तिचा आरंभ आपल्याच किनाऱ्यावर होतो.

गुजराथचा सुलतान दुसरा मुझफ्फरशहा यानें गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सो द अल्बुकर्क यास एक जिवंत गेंडा नजर केला. अल्बुकर्कनें तो आपल्या राजाकडे धाडण्याचें ठरविलें. १५१५ च्या जानेवारींत गेंडा गोव्याहून जहाजानें निघाला आणि आफ्रिकेला वळसा घालून २० मे १५१५ रोजीं लिस्बन बंदरांत उतरला. रोमन साम्राज्याच्या काळानंतर युरोपांत असा प्राणी कोणीं पाहिला नव्हता. त्यामुळें जिकडेतिकडे त्याचीच चर्चा सुरू झाली. राजा मानुएल यानें त्याची हत्तीशीं झुंज लावून पाहिली, तेव्हां हत्तीनें पळ काढला. पुढें राजानें गेंडा रोमला पोप दहावे लिओ यांस भेट म्हणून पाठविला. पण १५१६ च्या आरंभीं इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज वादळांत सांपडून बुडालें, आणि सांखळीनें जखडलेला तो मुका जीव पोहतां न येऊन मेला.

त्या वेळीं जर्मनींतील न्यूर्नबर्ग शहरीं अल्ब्रेख्त ड्यूरर (१४७१–१५२८) हा थोर चित्रकार राहत होता. त्यानें गेंडा कधींच पाहिला नाहीं. लिस्बनहून आलेलें वर्णनाचें पत्र आणि कोणा अज्ञात हातानें केलेलें एक रेखाटन, एवढ्याच साधनांवर त्यानें १५१५ सालीं गेंड्याचें चित्र सिद्ध केलें, आणि लाकडी ठशावरून छापून तें प्रसिद्ध केलें.

हें चित्र पाहणारा प्रथम थक्क होतो. जनावराचा तो अवजड देह, मान खालीं घालून उभें राहण्याची ढब, अंगावरील जाड घड्या, नाकावरील शिंग, सर्व कसें भरींव उतरलें आहे! पण थोडें थांबून पाहावें. कातडीच्या घड्या या घड्या राहिलेल्याच नाहींत. लोहारानें ठोकून बसविलेले चिलखताचे पत्रे त्यांच्या जागीं आले आहेत, आणि पत्र्यांच्या कडांना जणूं खिळे मारलेले आहेत. पायांवर खवले आहेत. आणि सर्वांत नवल म्हणजे मानेच्या मागें, खांद्यांच्या वर, एक लहानसें पिळदार शिंग आहे. हिंदी गेंड्यास शिंग एकच, तें नाकावर. खांद्यावर तर जगांतील कोणत्याच गेंड्यास शिंग नसतें.

हें चिलखत आलें कोठून? न्यूर्नबर्ग शहर त्या काळीं चिलखतें घडविणाऱ्या कारागिरांविषयीं प्रसिद्ध होतें. 'कठीण कवचानें झांकलेलें जनावर' असें वर्णन कानीं येतांच चित्रकाराच्या मनानें आपल्या कोठारांत शोध घेतला असावा, आणि तेथें जें कवच हातीं लागलें तेंच पुढें केलें असावें, असें मानण्यास जागा आहे. जेथें माहिती संपली तेथें कल्पना कामास लागली. परंतु ती शून्यांतून कांहीं आणूं शकली नाहीं. जें ओळखीचें होतें तें तिनें अनोळखी प्राण्याच्या अंगावर चढविलें.

याच ड्यूररनें १५०२ सालीं एक ससा रंगविला आहे आणि १५०३ सालीं गवताचा एक लहानसा तुकडा. सशाचे केस कोठें आडवे, कोठें उभे, कोठें राठ, कोठें मऊ, हें तर दिसतेंच. पण त्याच्या डोळ्यांत खिडकीचें प्रतिबिंब देखील दिसतें. गवतांतील पानपान ओळखूं येतें. ससा काढणारा हात आणि गेंडा काढणारा हात एकच. कौशल्यांत उणें कोठें नव्हतें. एका ठिकाणीं डोळा हाताच्या मदतीस होता, दुसऱ्या ठिकाणीं नव्हता, एवढाच काय तो भेद.

गोष्टीचा उत्तरार्ध याहून अधिक विचार करण्यासारखा आहे. त्याच सालीं हान्स बुर्कमायर नांवाच्या दुसऱ्या जर्मन चित्रकारानेंही गेंड्याचें चित्र छापलें. त्यांत खांद्यावरचें जास्तीचें शिंग नाहीं. पुढल्या पायांस बांधलेली दोरीही दाखविली आहे. तें सत्याला अधिक जवळचें होतें. परंतु लोकांच्या मनांत ठसलें तें ड्यूररचें. १५५१ सालीं कोनराड गेस्नर या पंडितानें प्राण्यांविषयींच्या आपल्या मोठ्या ग्रंथांत ड्यूररचाच गेंडा घातला. त्यावरून पुढच्यांनीं काढला, त्यांच्यावरून आणखी पुढच्यांनीं. सुमारें दोनशें वर्षें युरोपांतील पुस्तकांतून तें खोटें शिंग फिरत राहिलें. अखेर १७४१ सालीं क्लारा नांवाची एक गेंड्याची मादी बंगालहून हॉलंडांत आणली गेली आणि गांवोगांव तिचें दर्शन झालें. १७४९ सालीं पॅरिस येथें झाँ-बातिस्त ऊद्री यानें तिला समोर पाहून तिचें मूळ आकाराएवढें चित्र काढलें. त्यानंतर ड्यूररच्या गेंड्याचें महत्त्व हळूहळू ओसरलें.

यावरून दोन गोष्टी शिकावयाच्या. एक ही कीं, कल्पना कितीही समर्थ असली तरी न पाहिलेल्या वस्तूची उणीव ती पाहिलेल्या वस्तूंनींच भरून काढते. दुसरी ही कीं, नमुना म्हणून जें चित्र आपण समोर ठेवतों, तें स्वतः कोणाची तरी कल्पना असूं शकेल. ज्यांनीं ड्यूररचें चित्र पाहून गेंडा काढला, ते 'पाहून'च काढीत होते. पण गेंडा पाहून नव्हे.

३. बादशहाचा चित्रकार

याच्या उलट उदाहरणही आपल्या देशांत सांपडतें, आणि योगायोग असा कीं, त्याचाही गोव्याशीं संबंध आहे. मोगल बादशहा जहांगीर यास पशुपक्ष्यांचा फार शोक होता. आपल्या आत्मचरित्रांत तो म्हणतो कीं, आपला पणजा बाबर यानें प्राण्यांचीं वर्णनें लिहिलीं, पण तीं चित्रकारांकडून काढवून घेतलीं नाहींत. ऐकून जें आश्चर्य वाटतें तें पाहून वाढावें, म्हणून आपण चित्रें काढावयास सांगितलीं. १६१२ सालीं मुकर्रबखान हा त्याचा सरदार गोवा बंदरांतून कांहीं दुर्मिळ प्राणी घेऊन आला. त्यांत एक टर्की कोंबडा होता. हा पक्षी मूळचा अमेरिकेंतला; हिंदुस्थानांत तो तेव्हां अगदीं नवा. त्याच्या डोक्यामानेचा रंग कधीं पोंवळ्यासारखा तांबडा, कधीं कापसासारखा पांढरा, तर कधीं निळसर होतो, हें बादशहानें स्वतः बारकाईनें टिपून ठेविलें आहे.

या पक्ष्याचें जें चित्र उस्ताद मन्सूर याचें म्हणून ओळखलें जातें, तें पाहावें. गळ्याखालीं लोंबणारी सुरकुतलेली कातडी, पिसांच्या ओळी, पायांची ठेवण, सर्व कांहीं समोर पक्षी ठेवून पाहिल्याची साक्ष देतें. पुढें १६२१ सालीं जहांगीराकडे एक झेब्रा आला. त्याचे पट्टे पाहून कोणीतरी घोड्यास रंग फांसला असावा असा लोकांस संशय आला. तपासून पाहतां ते नैसर्गिक ठरले. त्या झेब्र्याचेंही मन्सूरनें चित्र काढलें, आणि त्यांत पट्टे पायाच्या खुरापर्यंत कसे जातात, तोंडावर कसे वळतात, हें जसेंच्या तसें आहे. मन्सूरच्या जागीं एखादा कल्पनेवर विसंबणारा असता आणि त्याला 'पट्टे असलेला घोडा' एवढेंच सांगितलें असतें, तर त्यानें वाघाचे पट्टे घोड्यास दिले असते. कारण वाघ त्याच्या ओळखीचा होता.

पण मन्सूरनें निव्वळ नक्कल केली काय? नाहीं. टर्कीच्या मागें त्यानें बादशहाचा बाग, पिंजरा किंवा नोकर दाखविले नाहींत. मागची जागा मोकळी ठेविली. ज्या बाजूनें पक्षी उत्तम ओळखूं येईल तीच बाजू निवडली. हें ठेवावें, तें गाळावें, हा निर्णय डोळा करीत नाहीं, मन करतें. आणि येथूनच प्रश्नाची दुसरी बाजू सुरू होते.

४. नमुन्याचे गुलाम

आतांपर्यंतचें वाचून 'पाहून काढणारा' पक्ष आनंदला असेल. त्यांनीं पुढील गोष्टही ध्यानीं घ्यावी.

भरधांव घोड्याचें चित्र काढतांना जुने चित्रकार पुढचे दोन्ही पाय पुढें व मागचे दोन्ही पाय मागें ताणलेले दाखवीत. फ्रेंच चित्रकार जेरिको याचें १८२१ सालचें एप्सम येथील शर्यतीचें चित्र असेंच आहे. पुढें १८७८ सालीं अमेरिकेंत एडवर्ड मायब्रिज यानें धांवपट्टीच्या कडेला ओळीनें कॅमेरे मांडून धांवत्या घोड्याचीं लागोपाठ छायाचित्रें घेतलीं. त्यांवरून असें सिद्ध झालें कीं, घोड्याचे चारही पाय एकदम अधांतरीं असतात खरे, पण त्या क्षणीं ते ताणलेले नसून पोटाखालीं आंखडलेले असतात. चित्रकार चुकले होते, यंत्र खरें ठरलें.

तरीही एक चमत्कारिक गोष्ट राहतेच. त्या छायाचित्रांपैकीं कोणतेंही एक उचलून पाहिलें, तर घोडा धांवत आहे असें वाटतच नाहीं. तो हवेंत थिजल्यासारखा दिसतो. जेरिकोचे घोडे मात्र चुकीचे असूनही धांवतात! प्रसिद्ध फ्रेंच शिल्पकार रोदाँ यानें याचें कारण सांगितलें आहे, त्याचा मथितार्थ असा: प्रत्यक्षांत काळ कधीं थांबत नाहीं, आणि छायाचित्र तो थांबवितें, म्हणून चालीच्या बाबतींत कलावंत खरा व छायाचित्र खोटें. आपण धांवणारा घोडा पाहतों तेव्हां एक क्षण पाहत नाहीं. अनेक क्षण मनांत एकत्र होतात, आणि त्यांतून धांव जाणवते.

छायाचित्राचे आणखीही दोष आहेत. कॅमेऱ्याजवळ असलेला हात भिंगामुळें प्रमाणाबाहेर मोठा येतो. सांवलीचा भाग पुष्कळदां काळाठिक्कर पडतो, डोळ्याला त्याच सांवलींत निळसर, तांबूस छटा दिसत असतात. जो विद्यार्थी छायाचित्रावरून रेघ न् रेघ उतरवितो, तो हे दोषही इमानेंइतबारें उतरवितो. मग त्याचें चित्र बिनचूक असूनही निर्जीव कां, हें त्याला उमजत नाहीं. त्यानें पाहिलें, पण विचारलें नाहीं. या चित्रांत सांगावयाचें काय आहे? कोणता भाग मुख्य, कोणता गौण? हे प्रश्न विचारणें हें कल्पनेचें काम. आणि तें तिनें केलें नाहीं म्हणजे चित्रकार हा नमुन्याचा चाकर होतो.

५. जें कोणीच पाहिलें नाहीं

यावर कोणी विचारील, जें पाहतांच येत नाहीं त्याचें काय? पुराणांतील प्रसंग, इतिहासांतील लढाई, पवित्र शास्त्रांतील कथा, यांचीं चित्रें काढतांना नमुना कोठून आणावा? येथें तरी केवळ कल्पनाच ना?

हॉलंडचा महान चित्रकार रेम्ब्रां (१६०६–१६६९) याचें उदाहरण घ्या. १६५६ सालीं तो कर्जबाजारी झाला, तेव्हां त्याच्या घरांतील वस्तूंची यादी करण्यांत आली. त्या यादींत 'जिवंत माणसावरून काढलेलें ख्रिस्ताचें मस्तक' अशा अर्थाची एक नोंद आहे. प्रभु येशूचें मस्तक, आणि जिवंत माणसावरून! आम्स्टरडॅममध्यें ज्या भागांत रेम्ब्रां राहत होता, तेथें यहुदी लोकांची बरीच वस्ती होती. प्रभूचा जन्म यहुदी कुळांत झाला, म्हणून शेजारच्या एखाद्या यहुदी तरुणाचा चेहरा त्यानें समोर ठेविला असावा असें अभ्यासक मानतात. त्याच्या आधींचे कित्येक चित्रकार ठराविक सांच्याचें मुख काढीत. रेम्ब्रांनें सांचा सोडून माणूस पाहिला. त्या तरुणाच्या डोळ्यांतील सौम्यता प्रत्यक्षांतून आली. तीस करुणेचा अर्थ देणें हें चित्रकाराच्या श्रद्धेचें व कल्पनेचें काम होतें.

आपल्याकडे गोव्याचे आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांनीं असाच मार्ग धरला. शांतिनिकेतनांत शिक्षण घेतल्यावर त्यांचा बराच काळ पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमांत गेला. त्यांच्या चित्रांतील मरियामाता साडी नेसलेली, आपल्या देशांतील आईसारखी आहे. ती साडीची चुणी, तें मूल कडेवर घेण्याची तऱ्हा, हें त्यांनीं आपल्या भोंवतालच्या स्त्रियांमध्यें पाहिलें. युरोपीय चित्रांतून उसनें घेतलें नाहीं. कांहींना हें रुचलें नाहीं, कारण त्यांच्या मनांतील मरियामातेचा सांचा दुसरीकडून आलेला होता. त्रिकोणी डोंगरासारखेंच तें झालें.

शांतिनिकेतनांतच नंदलाल बोस यांनीं शिकविलें. १९३८ सालीं गुजराथेंत हरिपुरा येथें काँग्रेसचें अधिवेशन भरलें, त्याच्या सजावटीसाठीं त्यांनीं खेड्यांतील जीवनाचीं पुष्कळ चित्रें काढलीं. त्यांतील लोहार, शिंपी, ढोल वाजविणारा, दळणारी स्त्री, हीं चार-दोन जाड वळणदार रेषांत उभीं आहेत. पाहणारास वाटतें, हीं सारी मनाची लीला. परंतु त्यापूर्वीं नंदलालांनीं खेडुतांचीं प्रत्यक्ष रेखाटनें केलीं होतीं. आधीं पुष्कळ पाहिलें, म्हणून पुढें थोडक्यांत सांगतां आलें.

तेव्हां आमचें मत असें: पाहणें आणि कल्पिणें हे दोन परस्परविरोधी पक्ष नसून एकाच कामाच्या दोन पाळ्या आहेत. डोळ्यानें आणावें, मनानें निवडावें. आणणारा नसेल तर निवडणाऱ्यापुढें कांहीं नाहीं; निवडणारा नसेल तर आणलेल्याचा नुसता ढीग.

६. अभ्यासाची रीत

एवढ्यावर थांबलों तर हा लेख नुसता उपदेश होईल. म्हणून विद्यार्थ्यांस उपयोगी पडेल अशी रीतही देतों. उदाहरणासाठीं 'विहिरीवर पाणी भरणाऱ्या स्त्रिया' हा विषय घेऊं.

पहिली पायरी. कांहींही न पाहतां, पत्त्याएवढ्या लहान कागदांवर तीन-चार निरनिराळ्या मांडण्या काढाव्या. विहीर कोठें, माणसें किती, ऊन कोणीकडून, एवढेंच ठरवावें. येथें नमुना मुळींच जवळ घेऊं नये. कारण प्रथमच छायाचित्र पाहिलें कीं मन त्याच्या मागें जातें आणि स्वतःची मांडणी सुचत नाहीं.

दुसरी पायरी. आपणांस काय ठाऊक नाहीं त्याची यादी करावी. दोर ओढतांना दोन हात एकमेकांपासून किती अंतरावर असतात? भार कोणत्या पायावर येतो? भरलेली घागर एका कमरेवर असतां शरीर कोणत्या बाजूस कलतें? ही यादी प्रामाणिकपणें केली तर तीच खरी शिकवण.

तिसरी पायरी. वहीपेन्सिल घेऊन बाहेर पडावें आणि यादींतील प्रश्नांचीं उत्तरें पाहून यावीं. विहीर जवळ नसेल तर घरींच बादली उचलून पाहावी. भरलेली बादली उजव्या हातीं धरली कीं देह डावीकडे कलतो आणि डावा हात तोल सांवरण्यास दूर होतो, हें आपलें आपणांसच कळेल.

चौथी पायरी. घरीं आल्यावर वही मिटावी व पाहिलेलें आठवून काढावें. मग वही उघडून दोन्ही ताडून पाहावें. जेथें चूक झाली तेथें आपण पाहिलें होतें, पण लक्ष दिलें नव्हतें. पॅरिस येथें एकोणिसाव्या शतकांत लकॉक द ब्वाबोद्राँ नांवाचे शिक्षक याच रीतीनें स्मरणशक्तीची तालीम देत; रोदाँ हा त्यांचाच शिष्य. चित्रकार व्हिस्लर तर टेम्स नदीचीं रात्रींचीं दृश्यें काढावयाचीं असतां कांठावर उभा राहून देखावा न्याहाळी, मग त्याच्याकडे पाठ फिरवून काय काय दिसलें तें सोबत्यास म्हणून दाखवी. आणि चित्र नंतर आपल्या चित्रशाळेंत स्मरणानें रंगवी.

पांचवी पायरी. आतां मोठें चित्र घ्यावें. रेखाटनें जवळ असावींत, पण अधिकार पहिल्या पायरीच्या मांडणीचा. चित्रास अवश्य असेल तर झाड हलवावें, एक माणूस गाळावा, सांवली लांब करावी. जें पक्कें ठाऊक आहे तेंच बदलण्याचा आपणांस अधिकार येतो; न कळून झालेली चूक आणि जाणून केलेला बदल यांत फार अंतर आहे.

छायाचित्रांविषयीं दोन शब्द. आज प्रत्येक घरीं मोबाइल आहे आणि हवें तें चित्र क्षणांत पडद्यावर येतें. ही सोय टाकून द्या असें आम्ही म्हणत नाहीं. सिंह किंवा हिमशिखर पाहण्यास सर्वांना जातां येत नाहीं. परंतु एकाच छायाचित्रावर विसंबूं नये; निरनिराळ्या बाजूंनीं घेतलेलीं तीन-चार पाहावींत आणि त्यांवरून वस्तूची घडण समजून घ्यावी. स्वतः घेतलेलें छायाचित्र दुसऱ्याच्या छायाचित्राहून बरें, कारण तें घेतांना आपण तेथें उभे होतों. आणि हल्लीं एक नवी सावधगिरी अवश्य झाली आहे. संगणकानें रचलेलीं चित्रें आज हुबेहूब छायाचित्रांच्या वेषांत समोर येतात. त्यांतील पक्ष्याचीं बोटें, फुलाच्या पाकळ्या, यंत्राचे भाग खरे असतीलच असा भरंवसा नाहीं. ड्यूररच्या गेंड्याचें तें खांद्यावरचें शिंग येथें आठवावें. तो तर महान कलावंत होता, तरी त्याच्या एका चुकीची नक्कल दोनशें वर्षें चालली.

रेखाकला परीक्षेंत स्मरणचित्राच्या प्रश्नपत्रिकेस बसणाऱ्यांस ही रीत विशेष उपयोगी आहे. तेथें नमुना जवळ ठेवतां येत नाहीं, म्हणून कित्येक विद्यार्थी दोन-चार ठराविक देखावे घोकून जातात आणि विषय कोणताही आला तरी तीच माणसें तेथें उभीं करतात. ज्यानें वर्षभर बाजारांत, थांब्यावर, मैदानावर रोज एक लहान रेखाटन केलें असेल, त्याला घोकण्याची गरज नाहीं. त्याचें कोठार भरलेलें असतें.

शेवटीं सर्व विद्यार्थिमित्रांस एक लहानसा अभ्यास सुचवितों. येत्या सुट्टींत आपल्या गांवाजवळचा डोंगर, टेकडी किंवा नदीचें वळण प्रथम घरांत बसून मनानें काढा आणि तो कागद बाजूस ठेवा. दुसरे दिवशीं तेथें जाऊन, समोर बसून, पाहून काढा. आठ दिवसांनीं पुन्हां घरांत बसून मनानें काढा. मग तिन्ही कागद शेजारीं शेजारीं मांडा. तिसरें चित्र पहिल्याहून निराळें निघालें, आणि आपल्या गांवच्या माणसानें तें पाहून 'अरे, ही तर आपलीच टेकडी!' असें म्हटलें, तर हा लेख लिहिण्याचे आमचे श्रम सार्थकीं लागले असें आम्ही समजूं.